एकशे त्रेचाळिसावं पान

मी हसलो. झालं ते एवढंच. पण कुठे हसलो हे सांगायचं तर आधी आमचं काम सांगावं लागेल.

आई छापखान्यात प्रूफं तपासायची. तीस वर्षं. तिच्यासमोर प्रूफ, हातात लाल पेन, आणि शेजारच्या खुर्चीवर मूळ प्रत मोठ्याने वाचणारा एक माणूस. दहावीनंतर शाळा मला झेपेना, तेव्हा तो माणूस म्हणजे मी. जे कागदावर आहे ते सगळं वाचायचं, खुणांसकट. "तो घरी आला पूर्णविराम नवा परिच्छेद अवतरण सुरू कोण आहे प्रश्नचिन्ह अवतरण बंद." असं दिवसभर. छापखान्यात आईला भिंग म्हणायचे आणि मला पोपट. एकदा मान खाली घातली की फर्मा, म्हणजे सोळा पानं, संपल्याशिवाय ती वर बघायची नाही. एकदा मागच्या खोलीत कागदाने पेट घेतला, सगळे बादल्या घेऊन पळाले. ही विचारते, "एवढा आवाज कसला चाललाय?"

पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं. "गोष्टीत शिरायचं नाही. शिरलास की मेलास. मग जे लिहिलंय ते वाचत नाहीस, जे असायला हवं ते वाचतोस."

मी शिकलो. डोळे अक्षरावर, तोंड चालू, डोकं बाहेर फिरायला. सात वर्षांत तीनेकशे पुस्तकं मोठ्याने वाचली असतील. एकाचीही गोष्ट विचारू नका. हां, त्यातली काही घरी आणून पुन्हा मनात वाचायचो, खरं वाचायचो, जेवणाच्या ताटावरसुद्धा. जे काही चार शब्द लिहिता येतात ते त्यातूनच आले. तेव्हा फोन साधा होता.

मग प्रूफं कॉम्प्युटरवर गेली. आमच्या दोन्ही खुर्च्या उचलल्या. मला फोनची कव्हरं विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात काम मिळालं. घरी बसून गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं द्यायची. माल कधी येणार, रंग वेगळा का आला, पैसे परत कधी. दोन मिनिटांत उत्तर गेलं नाही की दुकानाचे तारे कमी होतात. दोन-तीन महिन्यांत माझा अंगठा माझ्या आधी जागा व्हायला लागला.

आणि आईचे डोळे गेले. सगळे नाही. मधलं गेलं, कडा राहिल्या. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही.

त्याच काळात ती लिहीत होती. मला पत्ता नव्हता. चार वर्षं, दुपारी, पाठकोऱ्या कागदांवर. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, आता स्वतःचं एक पुस्तक. पहिल्या पानावर तीस ओळी आहेत. डोळे जात गेले तसं अक्षर मोठं होत गेलं. शेवटच्या पानावर सात ओळी. दोनशे बारा पानं, आणि त्यातला एक शब्दही तिला आता वाचता येत नाही.

एक दिवस तिने गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"छापखान्याचे मालक म्हणतात, जुनं मशीन महिनाअखेर विकायचंय. त्याआधी दिलंत तर तुमच्या नावाने दोनशे प्रती काढून देतो."

"मग दे की!"

"आधी तू वाच. मोठ्याने, म्हणजे मलाही चुका कळतील. पण आज पोपट नकोय मला. तुला यात शिरायचंय. पुस्तकाने तुला धरून ठेवलं तर छापू. नाही ठेवलं तर पाठकोरेसुद्धा राहिले नाहीत ते कागद, रद्दीत घालू."

"एवढ्यावर ठरवणार?"

"अरे, दुसरा वाचणारा आहे कुठे मला?"

रोज तीन ते पाच असं ठरलं. खिडकीजवळ ती खुर्चीत, मी टेबलाशी. फोन टेबलावर, आवाज बंद करून. काम होतं ना. आवाज बंद म्हणजे फोन बंद, असं आईला वाटायचं. मी ते तसंच वाटू दिलं.

पहिले दोन दिवस मी खरंच ऐकत होतो. तिच्या लहानपणातल्या घराचा जिना, तिच्या वडिलांची शिंकायची पद्धत. मी हसायचो, ती खूश व्हायची. तिसऱ्या दिवशी दुकानाने सूट लावली आणि मेसेजचा पूर आला. डाव्या हाताने पान धरलेलं, उजव्या हाताचा अंगठा टेबलावर. वाक्य संपलं की एक नजर फोनकडे, पुढच्या वाक्याआधी परत. मध्ये खंड पडायचा नाही. सात वर्षांची सवय होती. तोंडाला माझी गरजच नव्हती.

पाच वाजले की ती विचारायची, "कसं वाटलं?"

"मस्त."

"मस्त म्हणजे?"

"म्हणजे… ओघ आहे चांगला."

मामा फोनवर सांगतात तसं मी सांगायचो, तब्येत बरी आहे, हवा बरी आहे. आणि ती मान हलवायची. तिला वाटायचं, पोरगं मोठं झालंय, कमी बोलतं.

बाराव्या दिवशी मी वाचत होतो, आणि एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. आम्ही त्याला चुकीच्या मापाचं कव्हर पाठवलं होतं. त्याने ते फोनला घातलं होतं. मोठ्या भावाची पँट घातलेल्या पोरासारखा दिसत होता तो फोन. खाली लिहिलं होतं, "अजून वाढेल का हा?"

मला हसू फुटलं. मोठ्याने. पूर्णविरामानंतर लगेच.

आई खुर्चीत ताठ झाली. "काय झालं?"

आता इथे मी खरं बोललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तोंडाला माझी गरज नव्हतीच.

"काही नाही गं. मजेशीर लिहिलंयस."

ती पुन्हा खुर्चीला टेकली नाही. मग म्हणाली, "कितवं पान?"

"एकशे त्रेचाळीस."

"आज पुरे."

पाच वाजायला अजून वेळ होता. मला तर बरंच वाटलं. सतरा मेसेज पडले होते.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशीही. महिना संपायला नऊ दिवस उरले होते. मी एकदा विचारलं, "आई, वाचायचं ना?" ती म्हणाली, "थांब, एक वाक्य बसत नाहीये." कपडे वाळत घालताना ती स्वतःशी पुटपुटत होती. मला वाटलं, लिहिणारी माणसं पुटपुटतात.

चौथ्या दिवशी मी कुरिअरवाल्याकडे पार्सलं देऊन परत आलो. दार उघडंच होतं. आत शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्या घरीच शिवणकाम करतात, गळ्यात मापाची टेप घेऊनच फिरतात. त्यांच्या हातात ते पान होतं, आणि त्या एकेक अक्षर लावून वाचत होत्या. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या.

"'फर्… फर्मा… संपवून मी मान वर केली. टोपलीत ती शांत झोपली होती. मी… तिच्या कपाळाला हात लावला. गार लागलं. मला बरं वाटलं. वाटलं, ताप उतरला.'"

काकू थांबल्या.

"पुढे नको," आई म्हणाली. "एवढंच सांग. यात हसण्यासारखं काय आहे?"

"वहिनी…"

"नाही गं, खरंच सांग. मला वाटतं ते 'मला बरं वाटलं' चुकलंय. ते काढलं तर? की 'गार लागलं' नको तिथे? कुठेतरी हसू येतंय, पण मला सापडत नाहीये."

काकूंनी टेपच्या टोकाने डोळे पुसले. "कोण मेलं हसलं यावर?"

"हसलं कुणीतरी. वाचणाऱ्याला हसू आलं म्हणजे चूक लिहिणाऱ्याचीच."

मी दारात चपला हातात घेऊन उभा.

मला बहीण होती. माझ्या आधी. हे मला माहीतच नव्हतं. तीन महिन्यांची. घरी कुणी सांभाळायला नव्हतं म्हणून आई तिला टोपलीत घालून छापखान्यात न्यायची, टेबलाखाली ठेवायची. त्या दिवशी तिला ताप होता आणि घाईचं काम होतं. मी हे सगळं माझ्या तोंडाने वाचलं होतं. टोपली स्वल्पविराम. कपाळ पूर्णविराम. आणि हसलो होतो.

काकू गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलं त्यांनी. टेपने फटके मारले असते तर बरं झालं असतं.

मी आईच्या समोर जमिनीवर बसलो. "आई, वाक्य बरोबर आहे."

"तू कधी आलास?"

"वाक्य बरोबर आहे. एक अक्षर हलवू नकोस. मी त्याला हसलो नव्हतो."

"मग?"

"फोनला. एकाने फोटो पाठवला होता. मी… मी ऐकत नव्हतो, आई."

तिचा चेहरा क्षणभर सैल झाला. खरं सांगतो, तिला आधी बरंच वाटलं. "म्हणजे चूक नाही तिथे."

"नाही."

"चार दिवस झोप नाही रे मला." ती हसलीसुद्धा थोडी. मग हसू तिथेच थांबलं. हिशोब सुरू झाला असावा तिच्या डोक्यात. हळूच म्हणाली, "त्या दिवशी ऐकत नव्हतास, की…"

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"किती पानं ऐकलीस?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. शंभर म्हणावं. निदान ऐंशी.

"तीस."

तिने खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "तिसाव्या पानावर तर अजून तुझे बाबापण आलेले नाहीत."

बाबा मी दोन वर्षांचा असताना गेले. मला त्यांचा फक्त एक फोटो माहीत आहे, त्यातही ते डोळे मिटून आहेत.

"आपण परत वाचू," मी म्हणालो. "एकतिसाव्यापासून. फोन काकूंकडे ठेवतो. दिवसभर वाचू, पाच दिवसांत होईल, मालकांकडे वेळेत जाईल…"

"नको."

"का पण?"

"आता तू घाबरून वाचशील. प्रत्येक पानाला रडशील. घाबरलेल्या माणसाचं मत काय कामाचं? मला बघायचं होतं, त्याने तुला आपणहून धरलं की नाही. नाही धरलं."

"त्यात पुस्तकाची चूक नाही, आई. चूक माझी आहे!"

"असेल. पण बाहेरचा वाचणारा कोण असणार? तुझ्यासारखाच ना? त्याच्यापण हातात तेच असणार. तो तर माझा मुलगापण नाही."

यावरचं उत्तर मी अजून शोधतोय. सुचलं की सांगेन तिला.

मालकांचं मशीन गेलं. ट्रकमध्ये चढवताना आम्ही दोघं बघायला गेलो होतो. मालक म्हणाले, "काय भिंग, पुस्तक आणलं नाहीत?" आई म्हणाली, "अजून वाचून झालं नाही."

ते खरंच आहे. आता रोज तीन वाजता शेजारच्या काकू येतात. शिलाईचं काम बाजूला ठेवून येतात. एकेक अक्षर लावत वाचतात, जोडाक्षराला अडखळतात, मध्येच "अगं बाई, मग?" असं विचारतात. आई सांगत नाही, "वाच ना, कळेल" म्हणते. दिवसाला दोन पानं होतात, कधी दीडच. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलंय. स्वल्पविराम कुणी म्हणत नाही.

मला कुणी नाही म्हटलेलं नाही, पण खुर्च्या दोनच आहेत, आणि रात्री गठ्ठा आई उशाखाली घेऊन झोपते. मी बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसतो. दार पूर्ण लावलेलं नसतं. आईला माझे पाय दिसत असणार, कडा दिसतात तिला.

फोन खिशात असतो. काम आहे, ठेवावा लागतो. मनाशी ठरवतो, दोन तास हात लावायचा नाही. पहिली पंधरा मिनिटं जमतं. मग मांडीवर काहीतरी थरथरल्यासारखं होतं. बघितलं तर कधी मेसेज असतो, कधी नसतोच. पण तोवर आत दोन ओळी पुढे गेलेल्या असतात. काकूंच्या वेगाने दोन ओळी म्हणजे बराच वेळ, तरी माझ्याकडून निसटतात. आणि आत जाऊन "काकू, ते पुन्हा वाचा ना" असं कुठल्या तोंडाने म्हणू?

काल मला माहीत होतं, बाबा येणार. तिसावं पान मागे पडलं होतं. मी गुडघे मिठीत घेऊन बसलो होतो, श्वाससुद्धा हळू घेत होतो. काकू एका अवघड शब्दाला अडल्या, तो लावायला त्यांना वेळ लागत होता, आणि तेवढ्यात हात खिशात गेला. मी नेला नाही, गेला. एका बाईला निळं कव्हर हवं होतं. मी लिहिलं, निळं संपलंय, हिरवं चालेल का.

मान वर केली तर बाबा आत येऊन बसले होते. आई त्यांना पाणी देत होती. ते कसे आले, दारात काय म्हणाले, ते मला कळलं नाही.