रडगाणं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे मित्रांनो, आणि खरं सांगू? आता बोलायचंही जिवावर येतं. पण विचारलंत, तर सांगतो. घाई मात्र करू नका. माझा पट्टा सैल झालाय, मध्येच आवाज ओढला जातो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला दुकानात आणलं आणि चिंध्यांच्या पेटीशेजारी फळीवर बसवलं. त्यांच्या दोन मुली माझ्या गाण्यांच्या तालावर मशीन चालवायच्या. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय गोड आवाज आहे हो याचा!" मग मी दिवसभर फुगून बसायचो.

मला आणखी एक काम असे. माझ्या पोटात, स्पीकरच्या मागे, लोहचुंबक आहे. सुई खाली पडली की बाई मला उचलून जमिनीलगत फिरवायच्या आणि सुई टचकन येऊन चिकटायची. "आधी सुई शोधा, मग बाकीचं. नाहीतर कुणाच्या तरी पायात जाईल," हे त्यांचं पालुपद होतं.

मग एके दिवशी बाई गेल्या. धाकटी बटणं आणायला बाजारात गेली होती, तेवढ्यात त्यांच्या छातीत कळ आली. धाकटी परतली तेव्हा थोरली दारातच म्हणाली, "तू वेळेवर आली असतीस तर आई वाचली असती!" धाकटीनं बटणांची पुडी टेबलावर ठेवली. तेव्हापासून दोघींचं बोलणं "कात्री दे" आणि "दिवा लाव" एवढ्यावर आलं. गाणी बंद झाली. माझ्या अंगावर धाग्यांची धूळ साचली, पण कुणाला त्याचं काय!

पुढे अस्तर बदलायला आलेल्या एका कोटाच्या खिशात कॅसेट निघाली. कोटवाले म्हणाले, "माझी नाही हो. कोटच जुन्या बाजारातला. ठेवा तुम्हालाच." थोरलीनं मला पुसलं आणि कॅसेट लावली.

गाणारी बाई कुणाला ठाऊक नव्हती. गाणी तिनंच लिहिलेली, तिनंच गायलेली, साथीला एक गिटार. आवाज बेताचाच होता. पण मी जन्मभर चंद्र आणि चांदणं वाजवत आलो होतो, आणि ही बाई गात होती, 'आत आई शेवटचे श्वास घेत होती, आणि बाहेर मला भूक लागली होती.' असं कुणी गाण्यात कबूल करतं का हो? थोरलीचं मशीन थांबलं. तिनं एक बाजू ऐकली, कॅसेट उलटली, दुसरी बाजू ऐकली, आणि एका गाण्यापाशी पुन्हा मागे आली.

'रागात एक शब्द पडला, सुईसारखा घरात;
तेव्हाच शोधला नाही, आता अनवाणी चालवत नाही.'

त्यानंतर रोज तेच गाणं. माझा जीव मेटाकुटीला आला होता, पण थोरली ऐकेना. धाकटी समोर बसली की आवाज मोठा करायची आणि तिच्याकडे चोरून बघायची. जे स्वतःच्या तोंडून निघत नव्हतं, ते ती माझ्या तोंडून वदवत होती. धाकटी मानही वर न करता म्हणायची, "बंद कर ते रडगाणं." थोरली निमूटपणे बंद करायची.

धाकटीनं परगावच्या कारखान्यात नोकरी धरली. जायच्या दिवशी, दारात पिशवी भरलेली असताना, ती शेवटच्या शर्टाला बटणं लावत बसली होती. थोरलीनं तेच गाणं लावलं. 'रागात एक शब्द पडला...' आणि माझा दम संपला. टेप गुंतली, आवाज घरघरून बंद पडला. थोरलीनं मला एक चापट मारली. "मेल्या, आजच मरायचं होतं का तुला?" म्हणत ती गुंतलेली टेप सोडवू लागली.

तेवढ्यात धाकटीनं, सुईवरची नजर न काढता, पुढची ओळ म्हटली. "तेव्हाच शोधला नाही, आता अनवाणी चालवत नाही."

"तुला येतं?"

"रोज कानीकपाळी वाजवतेस, येणार नाही? अगं ताई, त्या बाईला कशाला पुढे करतेस? तुला काय सांगायचंय ते तू सांग ना."

थोरली माझ्या फळीला धरून उभी राहिली. "तू असतीस तरी काही झालं नसतं. डॉक्टर त्याच दिवशी म्हणाले होते. मी तुला सांगितलंच नाही गं. चुकलं माझं."

धाकटीच्या हातातला शर्ट खाली पडला. "मी रोज तेच उशाला घेऊन झोपत होते, ताई," ती म्हणाली. मग दोघी अशा रडल्या की खरंखुरं रडगाणं झालं.

तिची गाडी चुकली. पुढच्या गाडीनं गेली मात्र. नोकरी ती नोकरी. आता सुट्टी मिळाली की येते आणि आल्या आल्या ताईशी भांडते. कॅसेट तिनंच नेली. तिकडे ती वाजवायला यंत्र नाही, पण गाणी सगळी तिला पाठ आहेत.

मी काही पुन्हा वाजलो नाही. ताई आता मोबाईलवर गाणी लावते. मला फक्त सुई पडली की उचलतात. थकलोय मित्रांनो, पण लोहचुंबक अजून शाबूत आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं कुणी असेल तर अधूनमधून धूळ पुसत जा, बरं वाटतं. आणि सुई पडली तर लगेच शोधा. माझ्यासारखा कुणी असला तर ती सापडेलही. पण शब्द लोहचुंबकाला चिकटत नाही, बाळांनो. तो ज्याचा त्यानंच खाली वाकून उचलावा लागतो.