लशीत नसलेले दहा

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसणाऱ्याला नुसता आवाज ऐकू येतो, गोष्ट पुढच्याच्या पदरात पडते. आज दोन जावांचं वैर सांगतो. देवानं आपल्याला मन दिलं आणि आपण त्यात काय काय मुरत घालतो, ते ऐका.

थोरली जाऊ रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं कामाला. हात इतका हलका की सुई कधी गेली ते कळू नये. जीभ मात्र सुईहून धारदार. धाकटीची मुलगी ठकू, नऊ वर्षांची. दोन वर्षांत चार वेळा न्युमोनिया झालेली. एकदा सगळं घर जेवायला बसलेलं असताना थोरली बोलून गेली, "पोरीला काही धाड भरलेली नाही. हिलाच दवाखान्याची हौस आहे." धाकटीनं हातातलं ताट खाली ठेवलं ते ठेवलंच. त्या दिवसापासून थोरलीशी बोलणं बंद.

आणि योग बघा कसा, छातीच्या डॉक्टरीणबाईंनी ठकूला जी तपासणी लिहून दिली, ती नेमकी थोरलीच्याच टेबलावर व्हायची.

तपासणी समजायला अवघड नाही. आधी रक्त घ्यायचं, ते गोठवून ठेवायचं. त्याच दिवशी न्युमोनियाची लस टोचायची. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं आणि दोन्ही शेजारी शेजारी तपासायची. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं वाढली, तर पोरीच्या अंगात लढायची ताकद आहे. नाही वाढली, तर बाहेरून द्यावी लागते, दर महिन्याला.

दुसऱ्यांदा रक्त द्यायला मायलेकी आल्या, तेव्हा थोरलीनं मान वर न करता छापील प्रश्न वाचला. "गेल्या तीन महिन्यांत रक्त किंवा रक्तातून काढलेलं काही चढवलंय?"

"नाही."

"नक्की?"

"माझं कधी काही खरं वाटलंय का तुम्हाला? लिहा, नाही."

ठकूनं बाही वर करत विचारलं, "काकू, दुखेल का गं?"

"तुझी आई बोलते त्याच्या निम्मंसुद्धा नाही."

"पोरीच्या देखत तरी सोडा मला," धाकटी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

निकाल आला. लशीत जंतूंचे तेरा प्रकार होते. तेराच्या तेरा आकडे आधीच्या रक्तात तळाला गेलेले, नंतरच्या रक्तात भरपूर चढलेले. थोरलीला काय वाटलं असेल? पोरगी धडधाकट निघाली याचा आनंद? छे! आपलं खरं ठरलं, याचा. आता हा कागद घरात कसा फिरवायचा, याची जुळणी करतच तिनं पेन उघडलं.

पण बावीस वर्षांची नजर ती. तपासणी तेवीस प्रकारांची होती. लशीत नसलेले दहा प्रकार पानाच्या तळाशी होते आणि तेही चढले होते. जे टोचलंच नाही, त्याला अंग उत्तर कसं देईल? नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिनं सगळं दुपारी पुन्हा केलं. आकडे तेच.

म्हणजे ही ताकद ठकूची नव्हती. कोणाची तरी उसनी होती.

खोटं कशाला सांगू, पेनाला टोपण लावायला तिला बराच वेळ लागला. वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई पहिले तेरा आकडे बघणार, तळाचे दहा कोण बघतंय? सही केली की विषय संपला असता, आणि घरात तिचा शब्द खरा ठरला असता.

संध्याकाळी ती धाकटीच्या दारात गेली. दार साखळीपुरतं उघडलं.

"पोरीला कसली बाटली लावली होती?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तिच्या रक्तानं."

"आता पोरीच्या रक्तातही नाक खुपसा!"

"त्याचाच पगार घेते मी. बाटली कसली होती?"

"लस टोचल्यावर माहेरी गेले होते. पोरीला धाप लागली. तिथल्या डॉक्टरांनी लावली एक. पाण्यासारखी होती. रक्त लाल असतं जाऊबाई, एवढं मलाही कळतं."

"अगं बाई, रक्तातूनच काढतात ती! लाल भाग बाजूला काढतात, उरतं त्यातून प्रतिपिंडं काढतात. दुसऱ्या माणसांची. मी विचारलं होतं ना, रक्तातून काढलेलं काही?"

"तुम्ही विचारलंत म्हणूनच नाही म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. तुम्हाला कळलं की सासूबाईंना कळणार, आणि मग पुन्हा हौस म्हणायला तुम्ही मोकळ्या."

"हा निकाल असाच गेला तर वर म्हणतील, पोरगी ठीक आहे, औषध नको. दोन-चार महिन्यांत उसनं सरेल. मग ऐन थंडीत काय करशील?"

"मग पाठवायचा होतात. तुमचंच खरं झालं असतं."

"सही करायला पेन उघडलं होतं मी."

"हे सांगायला आलात? घोटाघोटानं विष पाजता का मला?"

"बाटलीचा कागद हवाय. नाव आणि तारीख."

दार आपटलं. थोरली पायरीवर उभीच. आत कपाट उघडल्याचा, ठकूच्या खोकल्याचा आवाज. मग फटीतून कागद बाहेर आला, आणि मागोमाग शब्द. "माफी मागायची असेल तर दुसरं दार बघा."

"मागायला आलेच नव्हते," थोरली म्हणाली आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी तिनं निकालावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: नंतरचं रक्त ग्राह्य धरू नये, प्रतिपिंडं बाहेरून दिलेली आहेत. कागद घेऊन ती स्वतः वर गेली. डॉक्टरीणबाईंनी आधीच्या रक्तातले तळाला गेलेले आकडे आणि चार न्युमोनिया पाहिले. म्हणाल्या, "ही थंडी तरी पोरीला उघडी सोडायची नाही. दर महिन्याला बाटली लावू. तपासणीचं पुढं बघू."

आता महिन्यातून एकदा मायलेकी त्याच व्हरांड्यातून जातात. काकू दिसली की ठकू हात वर करते, आणि आई तिचा खांदा धरून तोंड पुढं वळवते. थोरलीनं जेवणाच्या पंगतीत बोललेला शब्द अजून मागे घेतलेला नाही. आणि धाकटीनं तो मागे घ्यायलाही लावलेला नाही. द्वेष आहे तिथंच आहे.

पण ती पाण्यासारखी बाटली हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून भरते. बाही वर करताना त्यांतल्या एकानंही विचारलं नसेल, हे कोणाच्या पोरीला जाणार. रात्री हात जोडाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. ज्याला ठाऊक आहेत, त्याच्या कानावर घाला.