भिंतीचा सत्कार

“मावशी, या भिंतीला खिळा मारायचा नाही. आणि पेटीतला दिवा लाल झाला, की कारण विचारत बसू नका. आधी पोरं बाहेर काढा. शब्द द्या.”

पुण्याहून आलेल्या करिश्मा इंजिनियरबाईंना धुरपदाताईंनी शब्द दिला, तोही हात जोडून. निमोण्याच्या वाटेवरच्या त्या वाडीत समाजमंदिर एकच, आणि ताईंची अंगणवाडी तिथंच भरायची. भिंतीला तडा गेला होता. करिश्मानं तिच्यावर काचेच्या धाग्यांचं जाळीदार कापड चिकटवलं आणि वरून गिलावा केला. कापडात केसाएवढ्या बारीक तारा विणलेल्या. कापड भिंतीला आवळून धरणार, आणि भिंत जरा सरकली तर तारा ते कोपऱ्यात ठेवलेल्या पेटीला कळवणार, की तिच्यातला दिवा लाल. थोडक्यात, वाडीत कुणीतरी पहिल्यांदाच खरं बोलणार होतं.

अशा भिंतीचं उद्घाटन नको? समाजमंदिराच्या मंडळाचे अध्यक्ष सोपानराव आप्पा यांना घास गोड लागेना. सगळं काम गिलाव्याखाली दडलेलं, पाहुण्यांना दाखवायचं काय? म्हणून आप्पांच्या नावाची संगमरवरी पाटी आली. उद्घाटनाच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, जालिंदर सुतारानं ड्रिल चालवून त्या भिंतीला आठ भोकं पाडली. लेव्हल लावून पाडली, कारण पाटी वाकडी बसली असती तर मोठाच धोका होता.

आठव्या भोकाला दिवा लाल झाला.

धुरपदाताईंचं गुरुवारी दुपारच्या आरतीपर्यंत मौन असायचं. बारा वर्षांत ते मोडलं नव्हतं. त्यांनी दिव्याकडे बोट केलं, मग भिंतीला टेकून स्वागतगीत घोकणाऱ्या अकरा पोरांकडे.

“आप्पा, तार तुटली आसंल,” जालिंदर चाचरला, “न्हाईतर भिंत खरंच सरकली आसंल.”

“दोन्हीतलं एक. मग आपण बरं ते धरू,” आप्पा म्हणाले. “पेटीवर हार घाल. झाकलं की झालं. आन् ताई काय बोलत न्हाईत, म्हंजी त्यांची संमती हाय.”

आप्पा मोठे धीराचे. त्यांची स्वतःची खुर्ची बाहेर अंगणात, मंडपात होती. भिंतीपाशी फक्त पोरं उभी राहणार होती.

मौन मोडावं का, असं ताईंच्या मनात येऊन गेलं. पण बोलल्या असत्या, तर आप्पांनी विषय मंडळाच्या पुढच्या बैठकीत घेतला असता. खिळ्याचा शब्द तर आठ भोकांत गेलाच होता. आणि उरलेला शब्द बोलण्याचा नव्हता, पोरं बाहेर काढण्याचा होता.

गावाबाहेर पाहुण्यांच्या स्वागताचे फटाके वाजले. आप्पा फेटा सावरत फाटकाकडे धावले. ताईंनी सर्वांत लहान पोराला कडेवर घेतलं, दुसऱ्याचं बोट धरलं. बाकीच्यांनी सवयीनं एकमेकांचे सदरे धरले. मग मंडपातल्या खुर्च्यांमधून, पाहुण्यांसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावरून, ताई पलीकडच्या चिंचेच्या दिशेनं चालू लागल्या.