आरामाला टाकलेलं रान

मिथुनला त्या इंग्रजांचा कंटाळा आला होता. दर पावसाळ्यात भोकरदनच्या कॉलेजात बी.ए.च्या पोरांना तेच ते शिकवायचं. इंग्रज जहाजातून उतरले, अमेरिकेत व्हर्जिनियात तळ ठोकला, कुंपण नाही, नांगर नाही असं रान बघितलं अन् म्हणाले, हे तर कुणाचंच नाही. अहो, कुणाचंच कसं नाही? तिथल्या बाया त्यात मका अन् घेवडा लावायच्या. माती थकली की तो तुकडा सोडून दुसरीकडं पेरायच्या. आरामाला टाकलेलं रान होतं ते! पण आलेल्याला घ्यायचंच असलं तर तो कशाला विचारतो? एवढं बोलेपर्यंत घंटा व्हायची. मिथुन तासिकेवरचा माणूस, तास झाला तर पैसे, ते पण निघाले तर. दिवाळीपासून निघाले नव्हते. मायशिवाय गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाव वाटूर फाट्याच्या पुढं. तिथं गायरानाचा एक तुकडा त्याची माय गयाबाई कसत आली होती. बापानं जिवंतपणी त्यातले दगड वेचून काढलेले. सातबारा सरकारच्या नावावर, राबणारी माय. अशा रानाला पुरावा एकच, उभं पीक. शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल.

अन् हा शहाणा उन्हाळ्यात मायला म्हणाला, "माय, जमीन थकलीय. औंदा पेरू नको, राहू दे तशीच." मायचे गुडघे पण थकले होते, तिला ते लगेच पटलं. मोठ्या जमीनदाराच्या थाटात दोघांनी रान पडीक ठेवलं. गायरान कसणाऱ्यानं असला थाट करायचा नसतो, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

श्रावणात पंचनामा निघाला. सौरऊर्जेच्या प्रकल्पाला रिकामी गायरानं पाहिजे होती. मायचा फोन आला, "तू येऊ नको बरं. मी बघून घेते." येऊ नको म्हणल्यावर कोणता लेक घरी बसतो? जालन्यात एसटी बदलून मिथुन थेट रानातच पोचला.

गवत गुडघ्याला लागत होतं. पंचनाम्याला आलेला साहेब घामानं बेजार. सोबत सरपंचाचा माणूस सर्जेराव, अन् बघायला सगळी वस्ती.

"कसता म्हणता बाई, मग पीक कुठंय?" साहेब म्हणाला.

"आराम दिला औंदा रानाला."

सर्जेराव हसला. "आराम! रिटायर केलं का काय?"

"कोणी सांगितलं आराम द्यायला?" साहेबानं विचारलं.

"कोन्हीच न्हाई. म्याच थकले, झालं न्हाई." गयाबाईनं मिथुनकडं बघितलंसुद्धा नाही.

मिथुनला ते सहन होईना. चूक आपली अन् बोलणी मायनं खायची! "मी सांगितलं," म्हणत तो पुढं झाला. माती दमते, तिला विसावा लागतो, पडीक म्हणजे बेवारस नव्हे, सगळं सांगितलं. वर्गात सांगायचा त्याहून बराबर सांगितलं. साहेबानं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली. मिथुनला वाटलं, जमलं.

"तुम्ही यांचे कोण?"

"मुलगा."

"काय करता?"

मिथुननं मायकडं बघितलं. माय येऊ नको का म्हणाली, ते आत्ता डोक्यात शिरलं. गायरान मिळतं ते भूमिहीनाला, ज्याला दुसरा आधार नाही त्याला. घरात नोकरदार निघाला की विषय संपला. तासिकेवर आहे, पगार नाही, आमच्या घरात डाळ शिजते ती याच रानातल्या तुरीची, एवढं बोललं तर तुकडा वाचेल. पण समोर सर्जेराव, मागं वस्ती. माय त्याच्या शिक्षणापायी लोकांची रानं खुरपत फिरली होती, अन् आज चारचौघात मान वर करून चालायची ती त्याच्याच जिवावर. लाज वाटली त्याला, मरणाची लाज वाटली. तरी त्यानं तोंड उघडलं.

"साहेब, मी तसा..."

गयाबाईनं त्याचं मनगट धरलं, करकचून.

"सर हाय ना साहेब," ती म्हणाली. "भोकरदनला, मोठ्या कॉलेजात. लिहा तुम्ही."