विश्वासानं सांगितलेलं

थोरली दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दवाखान्यांतून माणसांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत ती प्लास्टर ओतायची, मेणात दात बसवायची, घासून गुळगुळीत करायची आणि कवळी डबीत घालून पाठवून द्यायची. दातांचा रंग जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ही माणसाचा चेहरा विसरेल पण दात विसरणार नाही, अशी तिथले लोक तिची थट्टा करायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चर्चमध्ये प्रार्थनेत एकमेकांना 'शांती' म्हणताना शेजारच्याशी हात मिळवला की तिची नजर आधी त्याच्या तोंडाकडे जायची.

आई लवकर गेली. घरात बाबा, ती आणि धाकटी. धाकटीच्या वेण्या तिनंच घातल्या, पाढे तिनंच घेतले, तापात उशाशी तीच बसली. या सगळ्यात स्वतःच्या लग्नाचं वय कधी उलटून गेलं ते तिला कळलं नाही. कळलं तेव्हा कुणाला बोलून दाखवण्यात अर्थ राहिला नव्हता. धाकटी मोठी होऊन शाळेत संगीत शिकवू लागली. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला ऑर्गनवर तीच बसायची. बाबा पुढच्या बाकावर बसून, ऑर्गन जणू आपणच वाजवतोय अशा ऐटीत मान डोलवायचे.

माई त्यांच्या धर्मग्रामात, म्हणजे त्या चर्चच्या वस्तीत, आली ती निवृत्त नर्स म्हणून. विधवा बाई, साध्या सुती कपड्यांतली, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. चर्चच्या फादरांच्या परवानगीनं तिनं तिथल्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना सुरू केली. जपमाळ, बायबलमधला एक उतारा, मग थोड्या गप्पा. थोरली पहिल्यांदा गेली ती शेजारणीनं ओढून नेलं म्हणून. उठता उठता माईनं तिचा हात धरला आणि विचारलं, "सगळ्यांचं करतेस, तुझं कोण करतं गं?"

हा प्रश्न आजवर तिला कुणी विचारला नव्हता. ती तिथेच खुर्चीत बसून ढसाढसा रडली. पुढच्या गुरुवारी ती धाकटीलाही घेऊन गेली.

सुरुवातीला नाव ठेवायला जागाच नव्हती. आजारी माणसांकडे डबे जायचे, भांडणं मिटायची. स्वतःला ते 'परिवार' म्हणू लागले. मग हळूहळू एकेक गोष्ट वाढत गेली. आठवड्यात मनात काय काय आलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. नोकरी बदलायची, प्रवासाला जायचं, तर आधी माईला विचारायचं. "कन्फेशनला जरूर जा," माई म्हणायची, "पण आधी माझ्याशी बोल, म्हणजे तिथं काय सांगायचं ते तुला नीट उमगेल. फादर भले आहेत, पण त्यांना वेळ कुठे असतो?" आणि एक नियम असा, की दुसऱ्याच्या मनातलं काही कानावर आलं तर तेही माईच्या कानावर घालायचं. त्याला 'एकमेकांना सांभाळणं' म्हणत. चहाडी हा शब्द तिथं कुणाच्या मनातही यायचा नाही.

त्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. धाकटी हातातली ताटली उगाच पुन्हा पुन्हा पुसत राहिली आणि म्हणाली, "ताई, एक सांगू? पण कुणाला बोलायचं नाही. माईलाही नाही."

शाळेच्या बसवरचा ड्रायव्हर. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारा, अबोल, स्वच्छ कपड्यांचा माणूस. त्याला दुसऱ्या शहरात चांगलं काम मिळत होतं. लग्न करून दोघांनी जायचं, असं त्यानं विचारलं होतं, आणि धाकटीच्या मनात होकार होता.

"बाबांना मी सांगेन सावकाश," ती म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता, की थोरलीला तिच्याकडे बघवेना.

"बरं," थोरली म्हणाली. "नाही बोलणार."

दोन दिवस ती बोललीही नाही. मग माईकडे गेली. माईची आज्ञा म्हणून आपण जातोय, बहिणीच्या आत्म्याची काळजी म्हणून जातोय, अशी तिनं वाटेत मनाची समजूत घातली. खरी गोष्ट त्याखाली दडली होती आणि तिला ती दिसतही होती. धाकटी निघून जाणार. घरात आपण आणि बाबा, आणि रोज संध्याकाळी परत येऊन दिवा आपणच लावायचा. माई हे थांबवू शकेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माईनं शांतपणे ऐकून घेतलं, तिच्या कपाळावर हात ठेवला. "देवाशी प्रामाणिक राहिलीस," म्हणाली.

गुरुवारी खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. माईनं डोळे मिटून सांगितलं, "आपल्यातल्या एकीच्या मनात अंधार शिरलाय. तिनं आपणहून बोलावं." जो तो खाली बघत जपमाळ चाळवू लागला. मग तिनं धाकटीचं नाव घेतलं आणि ड्रायव्हरचंही.

धाकटीनं माईकडे पाहिलंच नाही. तिनं मान वळवून थेट थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काहीतरी समजावून घेत असल्यासारखी ती बघत होती, जसं लहानपणी पाढा चुकला की बघायची.

मग एकेक जण बोलू लागला. ऑर्गन वाजवताना तिच्या चेहऱ्यावर गर्व दिसतो. ती परिवारात मन घालत नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसाबरोबर देव कसा असेल? पाळी थोरलीवर आली. तिला उठून जाता आलं असतं. दार उघडंच होतं, बाहेर अजून ऊन होतं. ती म्हणाली, "लहानपणापासून ती जरा हट्टीच आहे."

एवढंच बोलली. पण धाकटी त्यानंतर रडायला लागली, आधी नाही.

महिना उलटायच्या आत धाकटी माईच्या घरी राहायला गेली. तिथं आणखी काही मुली होत्या. ऑर्गन सुटला, ड्रायव्हर एकटाच निघून गेला, शाळेतली नोकरीही सुटली. बाबा दोनदा भेटायला गेले आणि दोन्ही वेळा फाटकावरून परत आले. "देवाला माझी पोरगी हवी असेल तर नेऊ दे," ते जेवताना म्हणाले, "पण बापाशी बोलू नकोस असं तो सांगतो का कुठे?" थोरलीनं त्यांच्या पानात भाजी वाढली. ती अजून गुरुवारी जातच होती.

मग बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. थोरलीनं माईच्या घरी फोन लावला. फोन माईनंच घेतला. "तिचा मौनाचा काळ चालू आहे," ती त्याच मऊ आवाजात म्हणाली. "आणि खरं सांगू? तू अजून सगळं देवाच्या हाती दिलेलं नाहीस. त्याचंच हे फळ बाबांना भोगावं लागतंय."

थोरली इस्पितळाच्या व्हरांड्यात उभी होती. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, की बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. ज्या बाईनं उभा जन्म इस्पितळात काढला, ती हे बोलत होती. थोरलीनं फोन ठेवला आणि त्या गुरुवारपासून जाणं बंद केलं. तिला तिथं पहिल्यांदा ओढून नेणारी शेजारीणसुद्धा त्यानंतर जिन्यात भेटली तरी भिंतीकडे तोंड करून उतरू लागली.

शनिवारी दुपारी ती कन्फेशनला गेली. जाळीपलीकडे फादर होते. तिनं सगळं सांगितलं. हेवा सांगितला, वचन मोडलं ते सांगितलं, आणि शेवटी ते 'जरा हट्टीच आहे' हेही सांगितलं.

फादरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांनी पापाची क्षमा दिली, प्रायश्चित्त दिलं.

"फादर, मग आता तुम्ही तिला सोडवा," ती म्हणाली. "बिशपांना सांगा."

"कन्फेशनमध्ये ऐकलेलं अक्षरही मी कुणाला सांगू शकत नाही. तू उद्या रस्त्यात भेटलीस, तर तुझ्याशीही यावर आपणहून बोलू शकत नाही. जीव गेला तरी नाही."

ती जाळीकडे बघत राहिली. एवढी वर्षं ती हे करत आली होती आणि त्याचा अर्थ तिला आज कळत होता. इथं सांगितलेलं इथंच पुरलं जात होतं. तिकडे माईपाशी सांगितलेल्या प्रत्येक शब्दाची माणसाला बांधणारी दोरी व्हायची.

"तुला हवं असेल तर," फादर हळूच म्हणाले, "माझ्या ऑफिसात ये आणि तिथं पुन्हा सांग. तुझी तू. मी बोलावत नाही."

ती तशीच उठून ऑफिसात गेली. फादर आले, समोर बसले, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं त्यांनी सगळं पुन्हा ऐकलं.

"फादर, तो परिवार म्हणजे वेगळाच कुठला पंथ होता का हो?" तिनं विचारलं. "आमची जपमाळ तीच, बायबल तेच. रविवारी मिस्सेलाही इथंच यायचो."

"प्रार्थना बघून नाही कळत," फादर म्हणाले. "माणसाचं मन कुणाच्या ताब्यात जातं, ते बघावं लागतं. मठातल्या मदरलासुद्धा एखाद्या सिस्टरला 'तुझ्या मनात काय आहे ते मला सांग' अशी सक्ती करता येत नाही. चर्चचा कायदाच आहे तसा. आणि हो म्हणणाऱ्याला नाही म्हणायचीही मोकळीक लागते. देवसुद्धा ती काढून घेत नाही. माईनं काढून घेतली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आम्हीही यातून सुटलेलो नाही. चर्चच्या आतही हे होतं, आमच्या झग्याआडही होतं. सभागृह भरायला लागलं तेव्हा मी खूश होतो. बिशपांना अभिमानानं सांगितलं होतं. तुझी बहीण ऑर्गनवरून उठली, तेव्हा मी दुसरी वाजवणारी शोधली. ती का उठली, हे विचारलं नाही."

बिशपांकडून चौकशी झाली. सभागृह बंद झालं. माईनं शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बंगला भाड्यानं घेतला आणि जाहीर केलं, की चर्च आता जगाच्या मोहाला विकलं गेलं आहे, खरं चर्च आपणच. निम्मी माणसं त्यावर गळाली. धाकटी गळाली नाही. आधी ती निदान रविवारी लांबून दिसायची, आता तेही संपलं. आपण माईशी बोललो तेव्हाही बहीण गेली आणि फादरांशी बोललो म्हणूनही ती आणखी लांब गेली, हे थोरलीला पचेना. प्रयोगशाळेत ठसा हातात घेऊन ती नुसतीच बसून राहायची, आणि प्लास्टर भांड्यातच घट्ट व्हायचं.

धाकटी परत आली ती पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी. थोरली बाबांना भरवत होती. दारात धाकटी उभी, वाळलेली, आणि तिच्यामागे एक अनोळखी मुलगी, पिशवी छातीशी धरून. बाबांच्या तोंडातून घास बाहेर आला. त्यांनी डावा हात उचलला आणि धाकटी त्या हाताखाली जाऊन बसली.

मुलीला तिचे काका संध्याकाळी येऊन घेऊन गेले. त्यानंतर धाकटीनं सांगितलं, पण बाबांना सांगितलं. थोरली ओट्याशी उभी राहून ऐकत होती.

"ती रात्री माझ्या शेजारी झोपायची. म्हणाली, मला घरी जायचंय, कुणाला सांगू नकोस. सकाळी माईनं विचारलं, ही काय बोलते तुझ्याशी? मी म्हटलं, काही नाही." तिनं बाबांचा डावा हात हातात घेतला. "माईला कळलं मी लपवतेय ते. दोन दिवस कुणी आमच्याशी बोललं नाही. मग आम्ही चपला घातल्या आणि बाहेर पडलो. फाटकाला कुलूप नव्हतंच. कधीच नव्हतं."

हे ती थोरलीला लागावं म्हणून बोलली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

धाकटीनं शहरातच वेगळी खोली घेतली. मुलांना पेटी शिकवते. चर्चमध्ये पाऊल टाकत नाही. तिथल्या धुपाचा वास आला की अंगाला घाम सुटतो, म्हणते. फादर एकदा तिच्याकडे जाऊन माफी मागून आले आणि ये असं म्हणाले नाहीत. बाबांना भेटायला ती रविवारी दुपारी येते.

अशाच एका रविवारी बाबा झोपल्यावर थोरलीनं धीर करून विचारलं, "मला माफ करशील?"

धाकटी चहा गाळत होती. "माफ केलंय बहुधा," ती म्हणाली. "राग येत नाही आता. पण ताई, मी तुला काही सांगणार नाही. मुद्दाम नाही गं. ओठांपर्यंत येतं आणि परत जातं."

"फादरांनी तर क्षमा दिली," थोरली पुटपुटली.

"त्यांचं त्यांनी दिलं. माझं तुझ्याकडे होतं ते गेलं."

थोरलीनं मान हलवली. धाकटीच्या समोरच्या दाताचा कोपरा उडालेला होता, हे तिला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. तिकडे काय झालं, कसा तुटला, हे विचारायला तिची जीभ कितीदा वळवळली होती. तिनं विचारलं नाही. कपात साखर घातली, ढवळली आणि उन्हाळा यंदा लांबला का गं, असं काहीतरी बोलली. धाकटी म्हणाली, लांबला खरा. मग दोघी त्यावर बोलत बसल्या, बाबा जागे होईपर्यंत.