विणकामाचा गुणांवर होणारा परिणाम

रविवारच्या सराव परीक्षेत माझे चाळीस गुण कमी झाले आणि सोमवारी सकाळी आमच्या मेडिकल प्रवेशाच्या क्लासच्या वसतिगृहाच्या रेक्टर वर्षाराणी मॅडम यांनी माझ्या विणकामाच्या सुया जप्त केल्या. या दोन घटना एकापाठोपाठ घडल्या, एवढे मी मान्य करते. सुयांमुळे गुण गेले, हे मॅडमनी परस्पर ठरवले.

“पेपर अवघड होता, मॅडम,” मी म्हणाले. “सगळ्या रिपीटर बॅचचे गुण घसरलेत. त्या सगळ्याजणी विणत नाहीत.”

“तोंड लई चालायलंय तुझं, लुंबिनी. लातूरच्या उन्हात स्वेटर घालणार कोण?”

“स्वेटर नाही ते.”

“मग काय हाय? कोणासाठी हाय?”

ते कोणासाठीच नव्हते. निळ्या लोकरीची वीतभर रुंद पट्टी होती. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, एवढेच तिचे स्वरूप. मॅडमनी ती हातात घेतली आणि तिच्यातून सुई सरळ उपसून काढली. ज्याने कधी विणलेले नाही त्याला यातला क्रूरपणा कळणार नाही. सुई गेली की टाके उघडे पडतात. एकाला ताण बसला की तो सुटतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. मॅडम पाठमोऱ्या झाल्यावर मी त्या टाक्यांतून घाईघाईने दोरा ओवून घेतला.

विणायला मला माझ्या खोलीतल्या मनतशाने शिकवले. मेसचे जेवण आणि अभ्यासिका यांच्यामध्ये जो थोडा वेळ रिकामा मिळे, त्यात इतर मुली मोबाइल पाहत आणि आम्ही दोघी विणत असू. दिवसभर माझ्यासमोर जे काही येई त्याला चार पर्याय असत. त्यांतला एक बरोबर असे आणि चुकले तर गुण वजा होत. विणकामात चुकले तर उसवून पुन्हा विणता येते. मला ते आवडले. एवढे कारण पुरेसे असायला हवे होते.

संध्याकाळी पप्पांचा फोन आला. पप्पा चाकूरला शाळेत विज्ञान शिकवतात. एकदा शेजाऱ्यांनी बोअर घेण्यापूर्वी तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधणारा माणूस आणला होता. पप्पांनी त्याचे डोळे बांधून त्याला त्याच शेतात पुन्हा फिरवले, तेव्हा नारळ भलत्याच जागी उभा राहिला. पुरावा म्हणजे काय, हे मी त्या दिवशी बांधावर उभी राहून शिकले.

“जयभीम, बाळा. मॅडमचा फोन आला होता. ते विणकाम बंद कर.”

“कशाच्या आधारावर, पप्पा?”

“मॅडमला इतक्या वर्षांचा अनुभव हाय.”

“नारळवाल्यालाही होता.”

“हे वर्ष परत येणार न्हाई,” एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मॅडमकडून मला वेगळी अपेक्षा नव्हती. पप्पांकडून होती, म्हणून त्यांचा राग अधिक आला आणि तो अनेक दिवस टिकला.

मनतशाचे मामा देगलूरला सायकली दुरुस्त करतात. पुढच्या आठवड्यात घरच्या डब्याबरोबर तिने त्यांच्याकडून चाकाच्या तारा मागवल्या. टोके घासून गुळगुळीत केलेल्या.

“अम्मी याच्यावरच शिकली,” ती म्हणाली. “घे. अन् मॅडमला कळू देऊ नको, न्हाईतर मामूची अख्खी सायकल जप्त व्हायची.”

मी पट्टीचे टाके तारेवर उचलून घेतले. त्यानंतरच्या दोन परीक्षांत मी बॅचमध्ये पहिली आले. मनतशाचे गुण दोन्ही वेळा घसरले. ती माझ्या शेजारी बसून माझ्याइतकेच विणत होती. मी यातून कोणताही निष्कर्ष काढला नाही. तो क्लासचे संचालक बसवंत सर यांनी काढला.

मॅडमनी मला तारांसह पकडून सरांसमोर उभे केले. सरांनी आधी तारा पाहिल्या, मग संगणकावर माझा निकाल पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे ही विणत असताना पहिली आली? अहो मॅडम, हे तर एकाग्रतेचं तंत्र आहे! परदेशात करतात.”

“सर, याच कारणासाठी माझ्या सुया जप्त झाल्या होत्या.”

“तेव्हा तुझं तंत्र कच्चं होतं.”

“म्हणजे गुण घटले तर दोष विणकामाचा आणि वाढले तर श्रेय क्लासचं?”

“हुशार हाय पोरगी,” सर मॅडमना म्हणाले आणि त्यांनी फलकवाल्याला फोन लावला.

त्या आठवड्यापासून वसतिगृहातल्या सर्व मुलींना सायंकाळी सभागृहात बसून विणण्याची सक्ती झाली. मुलांना ती नव्हती. त्यांची एकाग्रता बहुधा जन्मजात असावी. “तुझ्यापायी हे बसायलोय आम्ही,” असे मुली मला तोंडावर म्हणू लागल्या, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. जी एकमेव गोष्ट मी कशासाठीही करत नव्हते, ती आता वेळापत्रकात होती. सभागृहात मी हाताची घडी घालून बसे. माझ्या सुया मात्र मॅडमच्या कपाटातच राहिल्या. “पालक मेळाव्यात स्टेजवर देऊ. फोटो चांगला येतो,” सर म्हणाले.

मेळाव्याच्या दिवशी फाटकावर फलक झळकला. चेहरा माझा होता, हात दुसऱ्याच कोणाचे तरी होते आणि त्या हातांत क्रोशाची एकच आकडेदार सुई होती. फलकाखाली उभे राहून पप्पा स्वतःचा फोटो काढत होते. मी त्यांच्याशी न बोलता आत गेले.

सरांनी भाषणात तंत्राचे नाव, तंत्राचे फायदे आणि पुढच्या बॅचची प्रवेशाची तारीख सांगितली. मग मला वर बोलावून लाल फीत बांधलेल्या माझ्या सुया पुढे केल्या आणि माइक दिला. “सांग बेटा, विणकामानं काय झालं?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “कोणी तपासलेलं नाही. मी विणत असताना एकदा गुण कमी झाले, तेव्हा हे बंद केलं. दोनदा वाढले, तेव्हा सक्तीचं केलं. दोन्ही वेळा—”

“लाजते जरा,” सर हसून म्हणाले आणि त्यांनी माइक काढून घेतला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मनतशा उठली. हे आम्ही ठरवलेले नव्हते.

“सर, मी बी तिच्यासंगं विणते. तिला शिकवलं बी मीच. माझे मार्क दोन्ही टायमाला पडले. माझा फोटो कुठं लावता?”

मागच्या बाजूला कोणीतरी मोठ्याने हसले. “अपवाद असतात,” सर म्हणाले. “खाली बस.” सुया त्यांनी माझ्यापुढून मागे घेऊन खिशात ठेवल्या.

मेळावा संपल्यावर पप्पा मला व्हरांड्यात सापडले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मी फोनवर बोललो, त्याला आधार नव्हता,” ते म्हणाले.

“नव्हताच,” मी म्हणाले. त्यांना बरे वाटावे असे आणखी काही मला सुचले नाही, आणि मी शोधलेही नाही.

ते सरळ संचालकांच्या खोलीत गेले. मी दारात थांबले.

“सुया द्या, सर. पोरीच्या.”

“कशाला? म्हणजे ती उद्यापासून प्रात्यक्षिक देणार असेल, तर—”

“नाही, सर, तिच्या अभ्यासाच्या दृष्टीनं—” पप्पा बोलू लागले, दाराकडे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वाक्य तिथेच तोडले. हात पुढे करून ते म्हणाले, “तिच्या हायेत. द्या.”

सरांनी दिल्या. लाल फीत मी त्यांच्या टेबलावर सोडून आले.

फलक अजून तिथेच आहे. उतरवण्यासाठी मी दोनदा अर्ज दिला आहे. रोज मेसनंतर खोलीत मनतशा आणि मी विणत बसतो. पट्टी हातभर झाली. राग तसाच आहे. विणकामाने राग शांत होतो, असे उद्या कोणी माझा चेहरा लावून छापले, तर मी तिसरा अर्ज देईन.