आधी बाबांचा आवाज

निशिगंधाने लॅपटॉप मांडीवर घेतला, राउटरचा पासवर्ड टाकला आणि घरातल्या अख्ख्या इंटरनेटची मालकीण झाली. नेट आधी कोणाला द्यायचं, त्याची यादी पडद्यावर उलगडली: टीव्ही, आईचा मोबाइल, फोन कॉल, पार्थचा गेम. कॉलवरच्या आवाजाला तिने सगळ्यात वर बसवलं आणि धाकट्या भावाचा गेम थेट तळाशी.

"ए तायडे, काय केलंस? मेलो ना मी!" पार्थ आतून ओरडला.

"मर दहा मिनिटं. आधी बाबांचा आवाज, मग तुझ्या बंदुका."

बाबा बहारीनला होते, तिसरं वर्ष. रोज सातला त्यांचा फोन यायचा, आणि गॅदरिंगचा विषय निघाला की नेमका आवाज जायचा. चार वेळा झालं होतं असं. आणि गॅदरिंग काही साधंसुधं नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी द्यायलाही घाबरणारी निशिगंधा यंदा सगळ्या कार्यक्रमाचं निवेदन करणार होती. ऐरोलीच्या त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, माईक हातात घेऊन! बाबांसाठी पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिने बाईंना सांगून धरूनही ठेवली होती.

फोन वाजला.

"काय म्हणतायत आमच्या निवेदिकाबाई?"

आवाज इतका स्वच्छ, की बाबा समोरच्या सोफ्यावर बसलेत जणू. ते चहात साखर ढवळत होते, तो चमचासुद्धा ऐकू येत होता. निशिगंधाला उठून नाचावंसं वाटलं.

"बाबा, वीस तारीख. तिकीट काढलंस?"

चमचा थांबला. मग पुन्हा फिरायला लागला, सावकाश.

"हॅलो?" बाबा म्हणाले. "निशू? हॅलो... काही ऐकू येत नाहीये गं. नेट गंडलं वाटतं. उद्या बोलू हं, बाळा."

चमचा बशीत ठेवल्याचं तिला ऐकू आलं. एक लांब श्वासही. मग फोन बंद झाला.

निशिगंधा फोन कानाला तसाच धरून बसली.

"काय गं, झालं बोलून?" स्वयंपाकघरातून आईने विचारलं. "येतायत का?"

"नेट गेलं मध्येच. आपलं नेटच बेकार आहे."

कणीक मळणारे आईचे हात थांबले. तिने दारातून लेकीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"हो," ती म्हणाली. "माझ्याशी बोलतानाही असंच जातं."